खारपाणपट्ट्यात फिशटँकसाठी आरओ: मशीन कोणतं घ्यायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: दर्यापूर तालुक्यातलं गाव, घरच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, १८५०. दोन फुटी टँकमध्ये गप्पी मजेत आहेत. आता तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक आणलाय, त्यात झाडं लावून निऑन टेट्रा आणि एंजल सोडायचे आहेत. स्वयंपाकघरात आरओ आहे, त्याचं पाणी १४० दाखवतं. दुकानदार म्हणतो ते माशांना चालायचं नाही, सात स्टेजचं १०० जीपीडीचं, म्हणजे दिवसाला १०० गॅलन पाणी देणारं, मशीन घ्या, चौदा हजार. घ्यायचं का?

नका घेऊ. मी मूर्तिजापूरकडे बारा-तेरा वर्षं घरोघरी आरओ बसवतो, दुरुस्त करतो, आणि मासे त्याच्याही आधीपासून पाळतो. मशीन विकलं तर माझ्यासारख्याच कुणाचा तरी फायदा आहे, तरी सांगतो. त्या सातपैकी तीन स्टेज तुमच्या माशांच्या उपयोगाच्या नाहीत आणि एखादी तर उलट बाधेल. पण मशीनचं नंतर बघू. आधी तुमच्या १८५० मध्ये काय विरघळलंय ते बघायला हवं.

टीडीएस मीटर मीठ किती ते सांगतो, कोणतं ते सांगत नाही. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, भूजलात मुख्यतः सोडियमचे क्षार असतात. जीभ लावली की खारट लागतं. पट्ट्याबाहेर काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी वेगळं. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, चहाच्या गंजाला आतून पांढरा थर धरतो, पण चव खारट नसते. माझ्या बोअरचा टीडीएस १७०० आणि जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा, फक्त ११ अंश. माझ्या साळ्याची कारंज्याकडे विहीर आहे, तिचा टीडीएस ७५० आणि जीएच २४. नुसता मीटर बघणारा माणूस माझं पाणी जास्त जड म्हणेल. कठीणपणा मात्र साळ्याच्या विहिरीत दुपटीहून जास्त आहे.

म्हणून जीएच-केएचचं थेंबांचं टेस्ट किट आधी घ्या. केएच म्हणजे पीएच सांभाळणारे कार्बोनेट क्षार. नळीत पाच मिलि पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकत हलवायचं. जीएचला नारिंगीचं हिरवं झालं, केएचला निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितके अंश. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे हजारो रुपये त्यावर ठरतात. साळ्याला आरओच्या पाण्यात पाव हिस्सा विहिरीचं पाणी मिसळलं की जीएच ६ मिळतो, मासे खूष. तुमच्याकडे तसं केलं तर माशांना नको असलेलं सोडियम तेवढं आत येईल. १८५० च्या पाण्यात ६० टीडीएसचं आरओ पाणी मिसळून २०० वर आणायचं तर बोअरचं पाणी जेमतेम आठ टक्के घालता येतं. तेवढ्यातून जीएच एक अंशही मिळायचा नाही.

आता मासे. गप्पी आणि मोली ठेवणार असाल तर पाणी बदलायला आरओची गरजच नाही. गप्पी हे आरोग्य खात्याचे मासे, हिवतापाचे कर्मचारी गावच्या टाक्यांत, डबक्यांत सोडतात ते. तुमच्या बोअरच्या पाण्यात ते पिल्लं देत राहतील. मोली तर त्याहून खाऱ्या पाण्यात राहते. निऑनचं तसं नाही. तो अमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी पावसाच्या पाण्यासारखं मऊ. पाळीव निऑन २०० टीडीएसपर्यंत छान राहतो, १८५० मध्ये नाही. शिवाय एंजल आणि निऑन एकत्र म्हणालात, तर एंजल तळहाताएवढा झाला की निऑन त्याचं जेवण होतो. यात कुठलाही आरओ मदत करत नाही. एक काहीतरी ठरवा.

आरओची खरी गरज आपल्याकडे कुठे लागते, ते मी नुकसान करून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन फुटी टँकमध्ये चार एंजल होते. तेव्हाच्या बोअरचा टीडीएस १२०० आणि मासे त्याला सरावले होते. एप्रिल लागला, पाणी तापू नये म्हणून टँकवर छोटा पंखा लावला. पंख्याने पाणी गार राहतं ते बाष्प होऊनच. रोज दीड-दोन लिटर पाणी उडायचं आणि मी रोज सकाळी बोअरची अर्धी बादली घेऊन तूट भरायचो. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, हे शाळेत शिकलो होतो, बादली हातात असताना आठवलं नाही. मे महिन्याच्या शेवटी एंजल पंख मिटून कोपऱ्यात उभे राहायला लागले. मीटर घातला तर २४००. घाबरून त्याच संध्याकाळी अर्धं पाणी काढलं आणि गावातल्या आरओ प्लांटचे दोन कॅन आणून ओतले. सकाळी चारही मासे तळाला पडलेले. हळूहळू वाढलेलं मीठ त्यांनी सोसलं होतं, एका तासात अर्ध्यावर आलेलं त्यांना सोसलं नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की मासे कोणतेही असोत, उन्हाळ्यातली तूट फक्त आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने भरायची. तुमच्या गप्पींच्या टँकलाही हे लागू आहे, आजपासून.

तुम्हाला पाणी किती लागेल ते काढू. टँक भरून १९० लिटर होतो, रेती आणि दगड धरून १६० समजा. आठवड्याला पाव हिस्सा बदललं तर ४० लिटर. उन्हाळ्यात पंखा लावून रोज सेंटिमीटरभर पाणी उडालं तर त्या टँकला ते चार लिटर होतं, आठवड्याचे तीसेक. म्हणजे मे महिन्यात आठवड्याला ७० लिटर, एरवी ४०-४५. एवढ्याला १०० जीपीडी कशाला?

मशीन न घेताही ७० लिटर मिळवता येतात, तेही बघून ठेवा. शहानूर धरणाची नळयोजना तुमच्या गावापर्यंत असेल तर ते सातपुड्याचं पाणी आहे, बोअरपेक्षा कितीतरी मऊ. नळ येईल त्या दिवशी ड्रम भरून ठेवायचा, ब्लिचिंगचा वास जाईपर्यंत दोन दिवस उघडा ठेवून हवेचा पंप चालू ठेवायचा, नाहीतर क्लोरीन मारायचं औषध घालायचं. पावसाचं पाणी तर फुकटचा आरओ. जून-जुलैतले पहिले दोन-तीन जोरदार पाऊस छपरावरून वाहून जाऊ द्यायचे, मग धरायचं. मात्र कपाशीवर फवारणी सुरू झाली आणि शेत घराला लागून असेल तर धरणं बंद. वाऱ्याने छपरावर आलेला अंशही टँकमधली कोळंबी मारायला पुरतो. फवारणीच्या कामाची बादली टँकजवळ आणायची नाही हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण एका गिऱ्हाइकाने आणली होती.

तिसरा रस्ता गावातल्या प्लांटचा. स्वतः जाऊन भरला तर वीस लिटरचा कॅन आमच्याकडे पाच-दहा रुपयांना पडतो. आठवड्याला दोन-तीन कॅन म्हणजे वर्षाला हजार-दीड हजार. नवीन मशीन, दरवर्षीचे फिल्टर आणि वीज यापेक्षा हे स्वस्त. अडचण एकच, पाणी दर वेळी सारखं नसतं. चवीसाठी त्यात कच्चं पाणी मिसळतात, ते कधी कमी असतं, कधी जास्त. मी ९० पासून ३५० पर्यंत सगळे आकडे बघितलेत, एकाच प्लांटचे. त्यामुळे कॅन घरी आणला की आधी मीटर बुडवायचा, मग टँककडे जायचं.

आता तुमच्या स्वयंपाकघरातला आरओ. तो १४० दाखवतो म्हणजे मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, खराब आहे असं नाही. चांगलं मेंब्रेन ९५ ते ९७ टक्के क्षार अडवतं, म्हणजे १८५० चे साधारण ५५ ते ९० व्हायला हवेत. १४० पर्यंतची वाढ टीडीएस कंट्रोलरमुळे. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून तो मेंब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी पुढे सोडतो. त्याच्या पुढे तुमच्या मशीनमध्ये मिनरलचं आणि बहुतेक तांब्याचं कार्ट्रिज असेल, हल्ली बऱ्याच मशीनमध्ये असतं. माणसाला ते चालतं. कोळंबी आणि गोगलगायींना तांबं विष आहे, अगदी थोडं असलं तरी. अल्कलाइन कार्ट्रिज असेल तर ते पीएच वर ढकलतं, तेही टेट्रांना नको. दुकानदार "चालणार नाही" म्हणाला ते इथपर्यंत बरोबर आहे.

पण हे सगळं मेंब्रेनच्या पुढे बसवलेलं असतं, आणि तुम्हाला पाणी मेंब्रेनच्या तोंडाशीच घ्यायचंय. झाकण उघडा. मेंब्रेनच्या पांढऱ्या नळकांड्याला एका टोकाला पाणी आत जातं, दुसऱ्या टोकाला दोन नळ्या असतात: एक वेस्टची, जिच्यावर एफआर (वेस्टची धार आवळणारा फ्लो रिस्ट्रिक्टर) लावलेला असतो, आणि दुसरी शुद्ध पाण्याची. ही शुद्ध पाण्याची नळी कंट्रोलरला जाण्याआधी कापून तिथे पाव इंची टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक छोटा व्हॉल्व्ह बसवायचा. व्हॉल्व्ह उघडला की मेंब्रेनचं पाणी सरळ ड्रममध्ये. शे-दीडशेचं सामान आणि अर्ध्या तासाचं काम. मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीच्या माणसाला विचारूनच हात लावा.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. वरची टाकी भरलेली असेल तर फ्लोट मशीन चालूच होऊ देत नाही, आधी तांब्याभर पाणी काढून घ्यावं लागतं. आणि व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत मशीन स्वतःहून बंद होत नाही. मी एकदा व्हॉल्व्ह उघडून मॅच बघत बसलो. स्वयंपाकघर पुसायला लागलेला वेळ आणि त्यानंतरचं ऐकून घेणं, दोन्ही लक्षात आहेत.

घरच्यांना स्वयंपाकघरात ही लुडबुड नको असेल तर स्वतंत्र मशीन घ्या, पण साधं. उघड्या पट्टीवर बसवलेलं, झाकण नाही, टाकी नाही. आत क्रमाने गाळ अडवणारा पाच मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन, दाब वाढवणारा बूस्टर पंप, मेंब्रेन. संपलं. स्थानिक माणूस सुटे भाग जोडून पाच-सहा हजारांत देतो. जंतू मारणारा यूव्ही दिवा नको, टँकमध्ये जीवाणू हवेच असतात. मिनरल, अल्कलाइन, तांबं नको. उरलेसुरले क्षारही काढणारा डीआय रेझीनही नको. समुद्री टँकला तो लागतो, पण आपल्या पाण्यावर ७०-८० टीडीएस आत गेला की रेझीन भराभर संपतो आणि गोड्या पाण्याच्या माशांना त्यातून काही मिळत नाही.

कार्बन मात्र काढू नका. बोअरमध्ये क्लोरीन नसतं खरं, पण ग्रामपंचायतीने विहिरीत ब्लिचिंग टाकलं आणि तेच पाणी तुमच्या टाकीत आलं तर क्लोरीन मेंब्रेन खातं. एकदा खाल्लेलं परत येत नाही.

पंपाशिवायचं मशीन कुणी स्वस्तात देईल, ते घेऊ नका. टाकी दहा फूट उंच असली तर दाब मिळतो साडेचार पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आत. आणि पाण्यातलं मीठच उलटा दाब देतं, दर १०० टीडीएसला साधारण एक पीएसआय. तुमच्या पाण्याचा हा उलटा दाबच अठरा-एकोणीस पीएसआय होतो. टाकीच्या साडेचारने काय होणार? ६०-८० पीएसआय देणारा चोवीस व्होल्टचा पंप लागतोच. तो फारशी वीज खात नाही, लोडशेडिंगमध्ये घरच्या इन्व्हर्टरवरही चालतो. त्याच्या आधी लो प्रेशर स्विच हवा. टाकी रिकामी झाली तर तो पंप बंद करतो, नाहीतर पंप कोरडा फिरून जळतो.

मेंब्रेन ७५ किंवा ८० जीपीडीचं पुरे, फक्त ते जास्त टीडीएससाठीचं मागा. साधी घरगुती मेंब्रेनं २००० पर्यंतची म्हणून विकतात आणि उन्हाळ्यात बोअर खाली गेला की तुमचा आकडा तिथे पोचेल. ८० जीपीडी म्हणजे कागदावर ताशी साडेबारा लिटर. ते गोड पाण्यावर आणि २५ अंशांवर मोजलेलं असतं. आपल्या पाण्यावर ताशी आठ-नऊ लिटर मिळाले तरी मशीन चांगलं आहे. ७० लिटरला एकूण आठ-नऊ तास, ते आठवड्यात दोन-तीनदा विभागून चालवायचं.

चालवायचं पहाटे. मे महिन्यात छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. मेंब्रेनची कमाल मर्यादा ४५ अंशांची आणि पाणी तापलं की मीठही जास्त पार होतं. उलट डिसेंबरच्या थंडीत दर अंशाला साधारण तीन टक्के पाणी कमी मिळतं, तेव्हा मशीन बिघडलं म्हणून मला फोन करू नका.

दर वेळी पहिले दोन-तीन लिटर फेकून द्या. मशीन बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचं मीठ हळूहळू सारखं होत जातं, त्यामुळे पहिल्या धारेचा टीडीएस तीन-चारशेही दिसतो. पाच मिनिटांनी मोजा, तो खरा आकडा. १८५० वर तो १८५ च्या पुढे राहायला लागला, म्हणजे ९० टक्केही अडत नाही, तेव्हा मेंब्रेन बदला. कॅलेंडर बघून बदलू नका.

वेस्ट पाण्याचं आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. तुमच्या पाण्यावर एक लिटर शुद्धमागे किमान तीन लिटर वेस्ट जायलाच हवं. घड्याळ लावून दोन्ही नळ्यांचं मिनिटभराचं पाणी मापात धरा. शुद्ध १४० मिलि आलं तर वेस्ट ४२० च्या खाली नको. पाणी वाचतं म्हणून कुणी अरुंद एफआर बसवून देईल. सहा महिन्यांत मेंब्रेनवर क्षार बसतील आणि मग तोच माणूस नवीन मेंब्रेन विकेल. ७० लिटरमागे २१० लिटर वेस्ट येतं, त्याचा टीडीएस २४०० च्या आसपास. ते संडासात टाका, फरशी पुसा, अंगण धुवा. परसातल्या भाजीला किंवा लिंबाला घालू नका. आपल्या काळ्या मातीत सोडियम गेलं की माती बसते, पाणी मुरत नाही, हे पट्ट्यातल्या शेतकऱ्याला मी काय सांगू. बोअरलाच पाणी नसेल त्या महिन्यांत मात्र कॅन आणा, मशीन चालवू नका.

आरओचं पाणी तसंच टँकमध्ये घालायचं ते फक्त तूट भरायला. पाणी बदलताना त्यात क्षार घालावेच लागतात, नाहीतर केएच शून्याकडे जाऊन एखाद्या रात्री पीएच कोसळतो. १०० लिटरला एक अंश केएच वाढवायला खायचा सोडा ३ ग्रॅम. एक अंश जीएचला कॅल्शियम सल्फेट ३ ग्रॅम किंवा मॅग्नेशियम सल्फेट साडेचार ग्रॅम. निऑनच्या झाडांच्या टँकला मी १०० लिटरमध्ये कॅल्शियम सल्फेट ९, मॅग्नेशियम सल्फेट साडेचार आणि सोडा ६ ग्रॅम घालतो. जीएच ४, केएच २ होतो, मीटर दोनशेच्या आसपास.

कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्समच, पण शेतात टाकायच्या पोत्यातलं नको, त्यात माती-खडे असतात. शुद्ध पावडर घ्या आणि ड्रममध्ये हवेचा पंप रात्रभर चालू ठेवा, ती सावकाश विरघळते. मॅग्नेशियम सल्फेट कृषी केंद्रात मिळतं, कपाशीवर लाल्या आला की फवारतात तेच. नुसतं मॅग्नेशियम सल्फेट लिहिलेलंच पाकीट घ्या. शेजारीच मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्याची पाकिटं ठेवलेली असतात, त्यात तांबं आणि झिंक असतं.

ड्रम प्लास्टिकचा, खाण्याच्या वस्तूंचा, वर कापड बांधलेला. नाहीतर डासांच्या अळ्या होतील. माशांना त्या आवडतात, आरोग्यसेविकेला नाही.

एंजल घ्या की निऑन, मे-जूनमध्ये आणू नका. निऑनला २७ अंशांपेक्षा गरम पाणी सोसत नाही, आपल्याकडे तेव्हा पंख्याखालीही टँक तीसवर असतो. दिवाळीच्या आसपास आणा, तोवर झाडं रुजतील. दुकानातून आलेल्या पिशवीतलं पाणी मोजा. ते सातशे आणि तुमचा टँक दोनशे असेल तर मासे बादलीत ठेवून दोन-तीन तास थेंबथेंब पाणी सोडा.

मशीनवाल्याला होय म्हणण्याआधी एवढं करा: बोअरचा जीएच आणि केएच मोजा, आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं झाकण उघडून मेंब्रेनच्या नळीतून सरळ आलेल्या पाण्याचा पाच मिनिटांनंतरचा टीडीएस बघा. तो ९० च्या आत असेल तर टी आणि व्हॉल्व्ह बसवून भागतं. आकडे कळवा, म्हणजे १६० लिटरला कोणता क्षार किती ग्रॅम ते काढून देतो.